दिसेल ती रेघ

ड्रॉइंगच्या मास्तरांनी जपान पाहिला नव्हता. वीस वर्षं पालघरला राहून पालघरही पाहिलं नव्हतं. तरी चौसष्ट साली मुंबईच्या प्रदर्शनासाठी त्यांनी जपानी पद्धतीचं, कोरलेल्या लाकडी फळीवरून छापायचं ठसाचित्र काढायला घेतलं. बक्षीस मिळालं तर मुंबईच्या शाळेतली नोकरी पक्की होती. जपानात म्हणे चेरीचं लाकूड लागतं. इथं शिवणीचं मिळालं, म्हणून ते आठवडाभर लाकडाशी बोलले नाहीत. मग पातळ कागदावर काढलेला डोंगर फळीवर उलटा चिकटवून त्यांनी फळी बोईसरच्या पंढरी सुतारापुढे टाकली. "डोकं चालवू नकोस, ते तुझं काम नाही. दिसेल ती रेघ ठेव, बाकीचं खोदून काढ." पंढरीनं महिनाभर खोदलं. छापायला जपानी कागद एकच होता. मास्तरांनी फळीला शाई लावली, कागद ठेवून घासला, उचलला. डोंगरावर भलंमोठं वाटोळं उमटलं होतं. "हे काय?" "तुमच्या चाच्या कपाचा डाग," पंढरी म्हणाला. "रेघ दिसली, ठेवली. डोकं नाय चालवलं." दुसरा कागद नव्हता, तेव्हा मास्तरांनी शिव्या घालत तोच पाठवला. पंधरा दिवसांनी पत्र आलं. सुताराला अक्कल यावी म्हणून मास्तरांनी ते त्याच्याच पडवीत फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. पहिलं बक्षीस होतं. पुढे लिहिलं होतं, डोंगर शाळकरी आहे, पण असा चंद्र आम्ही पाहिला नाही. मास्तरांनी पत्राची घडी घालून खिशात टाकली. पंढरीनं रंधा खाली ठेवला आणि आत हाक मारली, "अगं, मास्तरांना चा आण. बशी नको देऊ."