आईसाठीचं अ‍ॅप

आईला माणसं ओळखू येईनाशी झाली, म्हणून कॉलेजच्या शनिवार-रविवारच्या स्पर्धेत मी तिच्यासाठीच अ‍ॅप बनवलं. मोबाईल समोरच्यावर धरला की तो कोण ते सांगणार. घरच्यांचे, शेजारच्यांचे फोटो भरले. आवाज मात्र माझाच दिला; बाकी कुणाचं ती ऐकत नाही.

स्टेजवर आईने मोबाईल ताईवर धरला. “आई, ही ताई.” मग बाबांवर. “हे बाबा.” टाळ्या थांबेनात.

“आणि तुझा फोटो?” परीक्षकांनी विचारलं.

“माझा कशाला? मला ओळखते की ती!”

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला.

“आई,” माझाच आवाज म्हणाला, “हा आपल्या ओळखीचा नाही. याच्याजवळ थांबू नकोस.”

आई पटकन ताईच्या मागे जाऊन उभी राहिली. माझं ऐकतेच ती.