बिनबियांचं वाटण

डॉक्टरांच्या दाढेवरची कॅप निघाली. पण ती निघालीच नाही असं घरात ठरलेलं आहे, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

तर जावई सकाळपासून ओट्याशी उभा राहून काळ्या ऑलिव्हच्या बिया काढत होता. धंद्याने तो फरशी बसवणारा. सासरे दातांचे डॉक्टर. लग्न झाल्यापासून ते त्याला ‘मिस्त्री’ म्हणत, तेही भिंतीकडे बघून. आज ते पहिल्यांदाच लेकीकडे जेवायला येणार होते, आणि त्यांच्या तोंडून एकदा तरी ‘जावईबापू’ ऐकायचंच, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

“एकही बी राहता कामा नये,” बायको म्हणाली. “बाबा दातांच्या बाबतीत फार हळवे आहेत. लोकांच्या नाही, स्वतःच्या.”

त्याने एकेक ऑलिव्ह सुरीच्या पात्याखाली दाबलं, बी काढली, गर बोटांनी चाचपला. मग लसूण, लिंबू, तेल घालून मिक्सरमधून भरडसर फिरवलं. वाडग्यात काढून वरून असं सपाट केलं, की फरशीची पातळी बघायच्या लेव्हलचा बुडबुडासुद्धा मधोमध थांबला असता. तरी काहीतरी उणं वाटलं. म्हणून शोभेला वर एक अख्खं ऑलिव्ह ठेवलं.

अख्खं म्हणजे अख्खं.

डॉक्टर सासूबाईंना घेऊन आले, टेबलाशी बसले आणि ब्रेडकडे ढुंकूनही न बघता त्यांनी नेमकं तेच उचललं.

कट्.

“मिस्त्री,” डॉक्टर तोंडावर रुमाल धरून म्हणाले, “जरा हात धुवायची जागा दाखवा.”

स्वयंपाकघराचं दार लावून त्यांनी मूठ उघडली. आत कॅप.

“ही माझी मीच बसवली होती. आरशात बघून,” ते कुजबुजले. “पेशंटना कळलं तर दवाखान्याला कुलूप.”

“दुसऱ्या डॉक्टरांकडे...”

“माझ्या दवाखान्यासमोरच्या त्या गाढवापुढे तोंड उघडू? त्यापेक्षा दातखीळ बरी!” त्यांनी कोटाच्या खिशातून एक चपटी डबी काढली. “सिमेंट आहे. पण माझा हात आता थरथरतोय.”

‘सिमेंट’ म्हटल्यावर जावयाच्या जिवात जीव आला.

“मग काळजी कसली? आ करा.”

त्याने आधी जागा कोरडी केली. सिमेंट लावलं, कॅप ठेवली, दाबली, चमच्याच्या दांड्याने चारी बाजूंनी हलकेच ठोकली. आवाज पोकळ येत नाही ना, तेही कान लावून ऐकलं. कडेने आलेला माल पुसला आणि सवयीने म्हणाला, “बसली. उद्या सकाळपर्यंत हिच्यावर कोणी पाय देऊ नका.”

डॉक्टरांना हसू फुटलं. सिमेंट ओलं म्हणून त्यांनी ते हसू नाकातून काढलं. मग कडेवरून जीभ फिरवली, पुन्हा फिरवली, आणि भिंतीकडे न बघता म्हणाले, “जावईबापू, काम सफाईदार आहे हो.”

जावई काही बोलणार तोच दार उघडलं. दाराला कान लावून उभी असलेली बायको पदरात तोंड खुपसून हसत होती. सासूबाईंच्या कानाला फोन होता. पलीकडे त्यांची बहीण.

“थांब गं, बसली वाटतं,” त्या फोनमध्ये म्हणाल्या. “हो, हो, चमच्याने!”

डॉक्टर ताठ उभे राहिले. कोटाचं बटण लावलं, घसा साफ केला.

“सदर प्रकार या स्वयंपाकघराच्या बाहेर जाऊ नये, ही सर्व संबंधितांना नम्र विनंती.”