चाहूल

"पडद्यामागचे काका तुला दिसणार नाहीत. न घाबरता सांग," न्यायाधीशबाई म्हणाल्या. नुसत्या वाईट स्पर्शालाही कायद्यात कैद आहे, हे कळल्यावरच आई कोर्टाची पायरी चढली होती.

मुलगी आईचा हात धरून बोलू लागली. तेवढ्यात पडद्यामागून कुणीतरी खाकरलं. मुलगी आईच्या मागे सरकली.

"काय झालं, बाळा?" बाईंनी विचारलं.

"काका यायच्या आधी अस्संच खाकरायचे."

न्यायाधीशबाईंनी ते नोंदवून घेतलं. आईला मात्र पुढचं काही ऐकू येईना. बायामाणसांना चाहूल लागावी म्हणून दारात खाकरणारा हा थोरला दीर तिला किती मर्यादशील वाटायचा! ते खाकरणं कानावर पडलं, की परसात भांडी घासता घासता तीच लेकीला हाक मारायची, "काका आले गं, दार उघड."