पद्मावतीने दोर सोडला

पद्मावती कुत्र्याला घेऊनच किनाऱ्यावर आली. डोक्यावर मासळीची रिकामी पाटी, कमरेला सुंभ आणि सुंभाच्या दुसऱ्या टोकाला टिप्या. होडी जाळं टाकून परतली होती. रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या त्या जाळ्याचे, दोन दोर वाळूवर लांब पसरले होते, आणि दोन्हींवर वीस-वीस माणसं ओढायला उभी होती.

लवूने तिला पाहिलं आणि त्याचं तोंड कडू झालं. लवू म्हणजे रापणीचा तांडेल, सगळ्यांचा म्होरक्या, आणि पद्मावतीचा धाकटा दीर. काल संध्याकाळीच त्याने तिच्या अंगणात उभं राहून बजावलं होतं.

"वयनी, काल काय सांगलंय तुका? कुत्रो घराक रवतलो, नायतर तू रवतलंस."

"दोगांय इलव," ती म्हणाली आणि तिने दोराला हात घातला.

टिप्याला फिटी येत. आठवड्यात एखादी, कधी दोन. कणकवलीच्या गुरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा आजार जायचा नाही, सकाळ-संध्याकाळ गोळी द्यायची, जन्मभर. ती बांगड्याच्या तुकड्यात घालून देई. गाव हसला. मग गावाने सल्ला दिला की नांदगावला हायवेवर सोडून ये. त्यावर ती म्हणाली होती की नवऱ्याला अकरा वर्षं बीपीच्या गोळ्या भरवल्या, तेव्हा त्याला हायवेवर सोडायला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर सल्ले बंद झाले आणि कुजबुज सुरू झाली.

कुजबुज अशी, की हा कुत्रा वाळूवर पडून तडफडतो म्हणून समुद्र रुसला. चार दिवस जाळ्यात चिखल आणि कचरा. बाहेर ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडून नेतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण ट्रॉलरला दगड मारता येत नाही, कुत्र्याला येतो. परवा एक लागलाही होता. आणि घरी तरी कसं ठेवायचं? गेल्या महिन्यात एकटा असताना फीट आली, तो गटारात पडला, आणि नाकातोंडात पाणी जाऊन मरता मरता वाचला. त्या दिवसापासून तिने त्याला नजरेआड केलं नव्हतं.

रापण ओढली जाऊ लागली. माणसं पाय वाळूत रुतवून मागे मागे सरकत होती. दोन्ही दोर सारखे यायला हवेत. एक बाजू ढिली पडली की जाळं वाकडं होतं आणि मासा खालून निसटतो. म्हणून दोर धरलेला माणूस अंगावर वीज पडली तरी दोर सोडत नाही. पद्मावतीनेही तीस वर्षांत कधी सोडला नव्हता.

जाळं अर्ध्यावर आलं आणि टिप्या पडला. चारही पाय ताठ, मान मागे, तोंडाला फेस. भरतीची लाट त्याच्या नाकापाशी येऊन गेली.

कोणीतरी चप्पल हुंगवा म्हणालं. पण रापणीवर सगळेच अनवाणी, चप्पल आणायची कुठून? जो तो दुसऱ्याच्या पायांकडे बघत राहिला.

"वयनी, दोर सोडू नको," लवू म्हणाला.

तिने सोडला.

दोर समुद्राकडे सरकला. तिच्या मागचा सत्यवान दोन पावलं पुढे फरफटला, मग टाच रोवून थांबला. पद्मावतीने टिप्याला लाटेबाहेर ओढलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदराने फेस पुसला. त्याच्या तोंडात हात घालायचा नाही, धरून दाबायचं नाही, नुसतं सांभाळायचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तिला ते जड जाई. तरी ती तशीच बसली. मागून लोक नाही नाही ते बोलत होते. ती ऐकत होती आणि तिला राग येत होता, पण लाज अजिबात वाटत नव्हती.

जाळं आलं. मासा ना धड आला, ना धड गेला. कुत्र्याला शिव्या घालाव्यात इतका कमी नव्हता, आणि कौतुक करावं इतका जास्त नव्हता. लवूने वाळूवर वाटे घातले. पद्मावतीचा घातला नाही.

"दोर सोडलंस वयनी. वाटो नाय."

"नको माका."

"एका कुत्र्यापायी सगळ्या रापणीचा नुकसान केलंस."

"दोराक चाळीस हात आसत लवू. तेका हे दोनच."

 लवूने विचारलं, उद्याचं काय?

"उद्या दोर धरतलंय," ती म्हणाली. "तो पडलो तर सोडतलंय."

टिप्याला अजून उभं राहता येत नव्हतं. तिने त्याला उचलून पाटीत घातलं. सत्यवान कोणाकडे न बघता पुढे झाला आणि पाटी तिच्या डोक्यावर चढवून मागे फिरला. ती वाडीकडे निघाली. पाटीबाहेर शेपटी लोंबत होती.

पहिल्याच घराच्या पायरीवर हौसाबाई रोजच्यासारखी ताट घेऊन मासळीची वाट बघत बसली होती.

"पद्मा, आज काय गावला गो?"

पद्मावती थांबली नाही.

"गावला ता विकूचा नाय."