समुद्रपूरचं पार्सल

प्रभाकररावांनी चमचाभर स्क्रब मनगटावर चोळला आणि दोन मिनिटांत हात नळाखाली धरला. कातडी लालबुंद झाली होती.

तेलाच्या बाटलीचं थेंब पाडायचं झाकण सैल निघालं. चार थेंबांऐवजी गवती चहाचं तेल किती पडलं होतं, देव जाणे. आणि याच मिश्रणाची एक बरणी परवा समुद्रपूरला गेली होती.

स्क्रब त्यांच्या बायकोचा, इंदिराबाईंचा. वाळवलेल्या संत्र्याच्या साली, मसूर डाळ, आंबेहळद, जाडसर साखर, खोबरेल आणि शेवटी सुगंधी तेल. पिपरी मेघेच्या घरात त्या हे सगळं दळत बसायच्या तेव्हा प्रभाकरराव पेपरामागून कुरकुरायचे. इंदिराबाईंना जाऊन आता चौदा महिने झाले होते. स्क्रबची गिऱ्हाइकं एकेक करून सुटली. उरल्या एकट्या मनकर्णाबाई.

वर्ध्याला बचत गटांच्या प्रदर्शनात दोघी बायका एकदाच भेटल्या होत्या. पुढचं सगळं मोबाइलवर, लिहून. 'मले फोनवर ऐकू येत नाई, लिहूनच बोलत जा,' असं मनकर्णाबाईंनी पहिलं पार्सल मिळताच कळवलं होतं.

इंदिराबाईंच्या तेरवीनंतर त्यांच्या मोबाइलवर मनकर्णाबाईंचा निरोप आला, 'ताई, काऊन बोलून नाई राह्यल्या? तब्येत बरी हाय ना?'

खरं लिहायला प्रभाकररावांचा हात धजला नाही. त्यांनी लिहिलं, 'बरी आहे. जरा थकवा होता.'

तेव्हापासून रोज सकाळी ते इंदिरा होऊन लिहीत. आज भाजी काय केली, तुळस का सुकली, गुडघा कसा धरला. मुलगी अंकिता पुण्याहून रविवारी फोन करायची. बाकी सहा दिवस मनकर्णाबाई. महिन्याला त्यांची बरणी जावी म्हणून ते मिक्सर लावायला शिकले, साली वाळवायला शिकले.

आता त्यांनी घाईघाईनं लिहिलं, 'नवी बरणी उघडू नका. तेल जास्त पडलं आहे.'

उत्तर लगेच आलं. 'कालच लावलं ताई. कातडी कशी मऊ झाली! काई तरास नाई.'

प्रभाकररावांचं मनगट अजून चुरचुरत होतं. बाई सत्तरीच्या, त्यात साखरेचा आजार. चटका बसलेला कळतच नसेल तर? घरातलं दुसरं कुणी उचलेल म्हणून त्यांनी दोनदा फोन लावला. कुणी उचलला नाही.

हिंगणघाटला गाडी बदलून ते दुपारी समुद्रपूरला उतरले. वाटभर एकच वाक्य मनात जुळवत होते. ते बोलून टाकलं की उद्या सकाळपासून कुणाला काही लिहायचं उरणार नव्हतं. तरी ते उतरले.

पार्सलवरचा पत्ता विचारत घर सापडलं. ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ तुरीच्या शेंगा सोलत होते.

"कोण पाह्यजे?"

"मनकर्णाबाई. मी पिपरी मेघेहून आलो. इंदिराचा नवरा."

गृहस्थ गडबडून उठले. "मी अण्णाजी. मनकर्णेचा घरवाला. या, बसा." त्यांनी धोतराच्या सोग्यानं खाट झटकली, मग प्रभाकररावांच्या मागे रस्त्यावर पाहिलं. "बाई नाई आल्या?"

प्रभाकरराव बसले नाहीत.

"ती नाही आता. चौदा महिने झाले. तुमच्या बाईंना मीच लिहीत होतो, तिच्या नावानं. फसवलं मी त्यांना. माफी मागायला आलो. पण आधी त्यांचे हात दाखवा मला, स्क्रबमध्ये तेल जास्त झालंय. भाजलं असेल."

अण्णाजी हळूच खाटेवर टेकले.

"चौदा महिने," ते म्हणाले. "तुळस सुकली ते बी तुमीच?"

"मीच. रागावा, पण त्यांना बोलवा."

"कोनाले भाजलं नाई. बरनी उघडलीच नाई."

"त्यांनीच तर लिहिलं, काल लावलं म्हणून."

अण्णाजींनी सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढला आणि दोघांच्या मधे खाटेवर ठेवला.

"मनकर्णा तुमच्या बाईच्या बी आंधी गेली, भाऊ. पह्यल्या पार्सलापासून मीच लिहून राह्यलो."