निळ्या कपाचे तुकडे

"हात नका लावू, फुलं गळतात," सासूबाई म्हणाल्या, आणि अध्यक्षांनी पुढे केलेलं बोट मुकाट्याने मागे घेतलं.

बागप्रेमी मंडळाचे अध्यक्ष आता थकले होते आणि खुर्ची सोडणार होते. त्या खुर्चीवर कुणाला बसवायचं हे ठरवण्याआधी ते आणि सेक्रेटरीबाई बाग बघायला आले होते. सासूबाईंच्या मते यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. फुशियाचं बक्षीस सलग दोन वर्षं त्यांच्या कपाटात होतं. मंडळातली बाकीची माणसं म्हणजे गुलाबाला खत घालून स्वतःला बागवान म्हणवून घेणारी.

अंगणाच्या त्या कोपऱ्यात दिवसभर भिंतीची सावली असे. तिथल्या सहा कुंड्यांतल्या सहा फुशिया फुलांच्या भाराने वाकल्या होत्या. वर लाल पाकळ्या, खाली जांभळा घेर. कुणी कानातले डूल ओळीने टांगून ठेवावेत तशी फुलं लोंबत होती.

"जात नाजूक," सासूबाई सांगू लागल्या. "ऊन सोसत नाही, थंडी सोसत नाही. दुपारी पानांनी जरा मान टाकली की मी झारी घेऊन हजर. संध्याकाळी पुन्हा. पण त्यासाठी झाडाकडे बघावं लागतं."

शेवटचं वाक्य चहाचा ट्रे घेऊन आलेल्या सुनेसाठी होतं. सुनेने ट्रे स्टुलावर ठेवला आणि कप भरायला घेतले.

सून औषधाच्या दुकानात कामाला होती. दुपारी तासभर घरी येऊन जायची, नेमकी सासूबाईंच्या झोपेच्या वेळी. तिच्या नखांत कायम माती. हात धुवायचं वळण नाही, यापलीकडे सासूबाईंनी त्याचा विचार केला नव्हता. सुनेवर विचार खर्च करावा असं त्यांना कधी वाटलंच नाही. झाड डेरेदार व्हावं म्हणून त्या कोवळे शेंडे खुडायच्या, मातीत खोचले तर सहज रुजतील असे, तेव्हा ही बया ते गोळा करत विचारायची, "हे टाकून देऊ ना, आई?"

"नको, माळ ओव आणि घाल गळ्यात," सासूबाई म्हणायच्या.

सेक्रेटरीबाई एका कुंडीपाशी वाकल्या. "आमच्याकडे मुळं कुजतात हो. तुम्ही पाण्याचा निचरा कसा साधता?"

"बुडाशी खापऱ्या घालते. सगळेच घालतात." सासूबाई हसल्या. "पण यंदा माझ्या खापऱ्या जरा खानदानी आहेत. माझ्या आईने दिलेला निळा कप होता, सोनेरी कडेचा. पन्नास वर्षं टिकला. गेल्या हिवाळ्यात सूनबाईंनी विसळायला घेतला आणि झाला निकाल. म्हटलं, निदान झाडांच्या तरी उपयोगी पडू दे. माझ्या या सहा कुंड्यांत एकेक तुकडा आहे. जगात दुसरीकडे कुठे सापडायचा नाही."

सुनेच्या हातातला कप बशीवर वाजला. चहा सांडला.

"बघा, हा पण जातोय," सासूबाई म्हणाल्या. अध्यक्ष उगाच हसले.

"कधी घातलेत तुम्ही ते तुकडे, आई?" सुनेने विचारलं.

"कुंड्या भरताना. तुझी परवानगी काढायला हवी होती का?"

एवढ्यात सेक्रेटरीबाईंना बाजूच्या उघड्या दारातून मागचा बोळ दिसला. तिथेही तशाच कुंड्या होत्या, एकाच कुंभाराकडून एकाच खेपेत आणलेल्या. त्यांत पिवळ्या पानांच्या काटक्या उभ्या होत्या.

"त्या कुणाच्या?"

"ते सूनबाईंचं हॉस्पिटल," सासूबाई म्हणाल्या. एरवी त्या बोळात पाऊल टाकत नसत. आज मात्र त्यांना हुरूप आला. आपली सहा झाडं बघून झालीच होती, आता शेजारी हे दिवे दाखवले की अध्यक्षांना वेगळं काही सांगायला नको. "या, बघाच."

"तिकडे निसरडं आहे," सून पटकन म्हणाली. "आणि चहा गार होतोय."

"चहाचं कौतुक नको सांगूस."

सून त्यांच्या आधी बोळात शिरली आणि कुंड्यांच्या पुढ्यात उभी राहिली. "राहू द्या ना, आई. मला नाही जमत, झालं? मी आजच टाकून देते सगळ्या."

"टाकायच्या आधी यांना बघू दे की, झाडाची हेळसांड कशी करतात ते." सासूबाईंनी तिला कोपराने बाजूला सारलं आणि सगळ्यात मरतुकड्या झाडाची कुंडी उचलली. "पाण्याचा थेंब दाखवला नसेल हिने. मुळं अशी सुकून कोळसा झाली असतील, बघा."

"उपडी करू नका." सुनेचा आवाज एकदम खाली आला. "मला हवं ते बोला. यांच्यासमोर बोला. पण उपडी करू नका."

इतकी गयावया सुनेने उभ्या जन्मात केली नव्हती. सासूबाईंना फार बरं वाटलं. चोरी पकडली गेली की माणसं अशीच बोलतात. त्यांनी खोडाभोवती बोटं घातली, कुंडी उलटी केली आणि बुडावर चापट मारली.

मातीचा गोळा फरशीवर पडला. पडला तो बदकन, चिखलासारखा. कुजट वास आला आणि सेक्रेटरीबाईंनी पदर नाकाला लावला.

"पाणी तर भलतंच झालंय याला," अध्यक्ष म्हणाले. मग चष्मा सावरून ते खाली वाकले. काळ्या मुळांना काहीतरी चिकटलं होतं. त्यांनी ते दोन बोटांनी सोडवलं, अंगठ्याने माती पुसली आणि सासूबाईंसमोर धरलं.

निळा तुकडा होता. कड सोनेरी.