दुसरे पालक

“आई, ते लॉक काढ ना गं,” मनवाचं वर्षभर हेच चाललं होतं. दहावीचा निकाल लागला की काढू, असं म्हणत मी तिला झुलवत ठेवलं. आज निकाल लागला. मी शेजारी पेढे वाटून आले आणि तिचा मोबाइल घेऊन बसले.

पिन टाकला, ‘पालकांचं नियंत्रण बंद करा’ यावर बोट ठेवलं. पडद्यावर अक्षरं आली, ‘दुसऱ्या पालकांकडे विनंती पाठवली आहे.’

दुसरे पालक म्हणजे हिचे बाबा. पण ते समोरच गवार निवडत होते आणि त्यांचा फोन बंद होता.

मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी हे लॉक आम्ही शिकवणीच्या सरांकडून बसवून घेतलं होतं. आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि सर अगदी घरच्यासारखे. मनवानं मध्येच त्यांची शिकवणी सोडली, तेव्हा मी तिलाच आळशी म्हटलं होतं.

‘विनंती नाकारली.’

लगेच माझा फोन वाजला. सवयीनं मी स्पीकर लावला.

“अभिनंदन, ताई,” सर म्हणाले. “लॉक इतक्यात काढू नका. परवा फोनवर तिचं ठिकाण दिसलं; ती तळ्याकाठी तासभर एकटीच बसली होती. मी लांबूनच लक्ष ठेवलं.”

मी मनवाकडे पाहिलं. तिच्या हातातला पेढा तसाच होता.

“म्हणून सांगत होते,” ती हळूच म्हणाली, “काढ.”